स्टेजमागचं बिननावाचं फूल

२२ एप्रिल, शुक्रवार. नांदेड

निकालपत्रकं वाटली, चित्रकलेच्या कपाटाला कुलूप लावलं. टंचाईमुळे सुटी यंदा लवकर. हेडमास्तर म्हणाले, "ड्रॉइंगच्या बाईंना काय, बारमाही सुटीच." हसले. एकवीस वर्षं हाच विनोद, एकवीस वर्षं मी हसते. पुढच्या वर्षी हसायचं नाही असं दर एप्रिलला ठरवते.

दुपारी उदगीरहून फोन. मन्मथअप्पा, डाळमिलवाले. नवं मंगल कार्यालय बांधलंय. मागं इथल्या प्रदर्शनात माझी चित्रं बघितली होती म्हणे. "म्याडम, तुमची ती भडक फुलं ध्यानात हायत माझ्या. स्टेजमागं भिंत हाय, तीस फुटाची. यंदा बाजारात फूल न्हाई. डेकोरेशनवाले प्लास्टिक लावून राहिले. म्हणलं, भिंतीवरच काढून टाकू एकदाची. पाणी नको, सुकायचं काम न्हाई."

तीस फूट! मी आजवर चादरीपेक्षा मोठं काही रंगवलेलं नाही. जेवणाच्या टेबलावर मावेल तेवढंच. आधी हो म्हटलं, मग विचार केला.

२३ एप्रिल

आईला सांगितलं. ती कणीक मळत होती. "कोण लोक?"

"लिंगायत. व्यापारी."

थोडा वेळ नुसती कणीक. मग, "आपण बौद्ध हाओत, माहीत हाय का त्यांना?"

म्हटलं, आडनाव माहीत आहे. म्हणजे सगळंच माहीत आहे. "मग नीट वाग," म्हणाली. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला.

रात्री जुनी चित्रं काढून बघितली. सगळी फुलंच, पण खरं एकही नाही. साडीवरचं, मेलामाइनच्या ताटावरचं, लोखंडी कपाटाच्या स्टिकरवरचं, टेम्पोच्या पाठीवरचं. छापील, बाजारू, रंग किंचाळणारे. आधी ते जसंच्या तसं काढायचं. मग त्या चित्रावरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं, आणि दर खेपेला काहीतरी गाळत जायचं. शेवटी फूल उरत नाही. रंग आणि आकार उरतात. पुण्यात एकांनी याला पॉप आर्ट म्हटलं, लगेच दुसऱ्यांनी "डेकोरेटिव्ह" म्हणून मान हलवली. इथं नांदेडला एका गृहस्थांनी विचारलं, बाई, उलटं टांगलंय का?

ही भिंत मला पाहिजे. लिहूनच ठेवते. कुणी विचारलं तर "बघू, जमलं तर" म्हणेन, पण मला ती पाहिजे.

२६ एप्रिल, मंगळ. उदगीर

सकाळची बस. वाटेतली तळी कोरडी ठाक, एकात पोरं क्रिकेट खेळत होती, तळाला खेळपट्टी आखून.

कार्यालय गावाबाहेर. कमानीवर "नियोजित उदगीर जिल्हा" असं लाल अक्षरात. अप्पा म्हणाले, "जिल्हा झाला की हा हॉल ल्हान पडंल बघा. कलेक्टर येईल हितं लग्नाला." जिल्हा कधी होणार ते कुणालाच माहीत नाही, पण हॉल त्या मापानं बांधलाय.

भिंत पाहिली. तीस बाय अकरा. पांढरी, गुळगुळीत, एक भेग नाही. तळहात फिरवून बघितला.

मदतीला रज्जाकभाई. साठीचे. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. लातूर जिल्हा झाला तेव्हा तरुण होते, शेकडो पाट्यांवरचं "उस्मानाबाद" खरडून "लातूर" लिहिलं. "म्हणून आता 'लातूर' पातळ रंगात लिव्हतो बाई. परत खरडायचं तर त्रास नक्को."

चहा आला, कागदी कपात. मी लगेच सगळ्यांच्या हातांकडे बघितलं. अप्पांच्या हातात कागदी, गवंड्याच्या हातातही कागदी. टँकर चार दिवसांनी येतो, कपबश्या विसळायला पाणी नाही. हे कळल्यावरही बघणं थांबलं नाही माझं. जुनी खोड.

अप्पांच्या पत्नी येऊन गेल्या. महादेवीअक्का. कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी, बोलणं मोजकं. "धाकट्या लेकीचं लग्न हाय, अठरा मेला. ह्या हॉलातलं पयलं लग्न तिचंच." भिंतीकडे बघत म्हणाल्या, माझ्याकडे नाही.

राहायला वरची खोली दिलीये, दारावर "वधूपक्ष" अशी पाटी. आईला फोनवर सांगितलं तर खूप दिवसांनी खळखळून हसली.

२८ एप्रिल

फूल शोधायला बाजारात. फुलांच्या लाइनीत सात दुकानं, चार बंद, उरलेल्या तिन्हींत प्लास्टिक. एकाकडे कोपऱ्यात मूठभर झेंडू होता, तोही पिचलेला.

प्लास्टिकमध्ये गुलाब, लिली, जास्वंद नको होते. गुलाब म्हटलं की लोक गुलाबच बघतात, मी पुढे काय गाळलं ते कोण बघणार? शिवाय अमकं फूल देवाला चालतं, तमकं चालत नाही, अमकं मयताचं. या घरी ती भानगड नकोच. शेवटी एक सापडलं. पाच लांबट पाकळ्या, साईसारखा रंग, कडा गुलाबी, मध्ये हिरवं काहीतरी. दुकानदाराला विचारलं, हे कोणतं?

"हे? हे फूल हाय."

"नाव काय?"

"नाव न्हाई त्येला. कंपनीतून असंच येतंय. लग्नात चालतं."

घेतलं. कोणाचंच नसलेलं फूल. स्वतःवर फार खूश होत खोलीवर आले.

३० एप्रिल

सात कागद. पहिल्यावर प्लास्टिकचं फूल हुबेहूब, देठाच्या तारेसकट. दुसऱ्यावर तार गेली. तिसऱ्यावर मधलं हिरवं गेलं. चौथ्यावर पाकळ्यांचा बाक गेला, पाती सरळ. तिथून पुढे फुलाला कागद पुरेना, कडेबाहेर निघालं.

अप्पांना दाखवले. भिंतीवर डावीकडून उजवीकडे हे असंच जाईल, डावीकडे फूल, उजवीकडे फक्त आकार. अप्पा बराच वेळ चष्मा वर-खाली करत होते. "डावीकडलं झकास. उजवीकडलं मला कळत न्हाई, पण रंग उठून दिसंल. पावण्यांना डावीकडनं वर चढवू, म्हंजे आधी फूल दिसंल." मी आणखी दोन तास समजावून सांगायच्या तयारीनं गेले होते. व्यापारी माणसाचं डोकं कसं चालतं!

नवरानवरीच्या खुर्च्या मात्र उजव्या अंगाला येणार. जिना डावीकडे, आहेराची रांग तिथून. म्हणजे सर्वांत अमूर्त भाग बरोब्बर त्यांच्या पाठीशी. मनातल्या मनात उड्या मारल्या.

३ मे

काम सुरू. ऑईल पेंट घेतला, कारण ब्रश धुवायला पाणी लागत नाही, टर्पेंटाइन चालतं. दुष्काळानं माध्यम ठरवलं. मी घरी पाण्याचे रंग वापरते, हे ऑईलचं वागणं वेगळं. चुकलं की चुकलं.

रज्जाकभाईंनी खाका शिकवला. मोठ्या कागदावर आकार काढायचा, रेषेवर टाचणीनं भोकं पाडायची, कागद भिंतीला लावायचा आणि गेरूची पुरचुंडी वरून आपटत जायची. कागद काढला की भिंतीवर ठिपक्यांची रेघ. एकवीस वर्षं चित्रकला शिकवते आणि हे मला येत नव्हतं. त्यांना तसं म्हटलं तर म्हणाले, "तुमकू डिग्री हाय ना बाई, इसलिए."

रंग: रानी, पोपटी, लेमन, साय. सावली नाही, छटा नाही. पाटीसारखा सपाट.

५ मे

डावा भाग संपला. अप्पांचे मिलमधले लोक येऊन फोटो काढून गेले. एकाने पाकळीला हात लावून पाहिला, बोट रानी झालं.

उजवीकडे अडले. सातवा कागद भिंतीएवढा केला तर निर्जीव. नुसती उभी पाती, साय आणि लेमन, रानी पार्श्वभूमीवर. कुंपणाच्या फळ्या दिसतात. दिवसभर परांचीवर बसून राहिले. रज्जाकभाई खाली बिडी ओढत. "बाई, रंग सुख गया डब्बेमें."

६ मे

सापडलं! प्लास्टिकचं फूल पुन्हा हातात घेतलं. पाकळीच्या कडेला साच्याची शिवण आहे, बारीक करवतीसारखी. बनवणाऱ्याच्या निष्काळजीपणाची खूण. बोटाला टोचली म्हणून कळली. तीच घेतली, भिंतीवर वीतभर मोठी केली. प्रत्येक पात्याच्या कडेला पोपटी दाते. पाचव्या कागदासारखी पाती एकमेकांच्या आत बसवली, वर टोकाला निमुळती. एकदम जिवंत झाली भिंत.

अशी खुशी किती वर्षांत झाली नव्हती. रज्जाकभाई लांब जाऊन, डोळे बारीक करून म्हणाले, "अब कुछ तो भी हाय." हे त्यांच्याकडून मिळणारं सर्वोच्च पारितोषिक.

८ मे, रवि

हात खांद्यापासून दुखतो. लातूरला पाणी रेल्वेनं येतंय, खाली चहावाला सांगत होता. इथं टँकरवर भांडण झालं. मी पात्यांचे दाते भरत होते. लाज वाटली थोडी. तरी भरत होते.

१० मे, मंगळ

झालं. चारला शेवटचा दाता.

अप्पा आले, मधोमध उभे राहिले, कमरेवर हात. "लई भारी. खरंच लई भारी, म्याडम." मग फोन काढून तीन जणांना "या बघायला" म्हणाले. मी खुर्चीत बसून माझीच भिंत बघत होते. डावीकडून हळूहळू नजर न्यायची. फूल, कमी फूल, अजून कमी, आणि मग ते पिवळे-सायीचे भाले. घरी वंदनेला फूल वाहताना आई लहानपणी सांगायची, वाहतेस तर हे सुकणार आहे हेही बघ. मला वाटतं मी तेव्हापासून तेच करते आहे. हे कुणाला सांगितलेलं नाही.

११ मे

हात दाखवून अवलक्षण.

सकाळी अक्का आल्या, सोबत लेक. लेकीला आवडली, सेल्फी काढली. अक्का डावीकडून चालत आल्या, सगळं नीट बघत. उजवीकडे पोचल्या आणि थांबल्या. खूप वेळ. मग लेकीला म्हणाल्या, "हा केवडा हाय."

मी म्हटलं, नाही अक्का, हे केवड्याचं चित्र नाही, प्लास्टिकचं फूल आहे, बाजारातलं. कागद आणून दाखवते.

"केवडा हाय," पुन्हा तेच. आणि गेल्या.

दुपारी अप्पांचा फोन. आवाज पडलेला. "म्याडम, केवडा आमच्यात चालत न्हाई. महादेवाला वर्ज्य हाय. तुम्हाला कसं म्हाईत असणार म्हणा. उजवी बाजू पांढरी करून टाका. डावीकडलं राहू द्या."

"तुम्हाला कसं म्हाईत असणार." हेच वाक्य दिवसभर डोक्यात.

१२ मे

सकाळपासून चिडलेली आहे. लिहिते आहे ते नंतर वाचून लाज वाटेल, वाटू दे.

केवडा! तीस फुटात कुणाला काही दिसलं नाही, अप्पांनी बघायला बोलावलेल्यांना नाही, अप्पांना नाही. यांनाच दिसलं. आणि दिसलं ते वर्ज्यच. आमच्या हातचं म्हणून तर नाही? कारण सांगायला केवडा बरा सापडला. कागदी कपावर विश्वास ठेवला होता मी.

रज्जाकभाईंना हे सगळं बोलून दाखवलं. ते तंबाखूत चुना मळत ऐकत होते. म्हणाले, "अक्का तसली न्हाई बाई. तीस साल का पहचान हाय. माझ्या लेकीच्या बाळंतपणात रोज डबा त्यांच्या घरून." मग, "बुरा नक्को मानो. पीला बदल डालो. नीला करो. रंग बदला की फूल बदलतंय. आमच्यात तर केवडा बिर्याणीत पडतो, किसीको तकलीफ न्हाई."

दुपारी कागदावर निळा करून बघितला. केवडा गेला खरा. सगळंच गेलं. टेबलफॅनची पाती दिसतात. कागद फाडला.

आईला फोन केला नाही. "नीट वाग" ऐकायचं नव्हतं.

१३ मे, शुक्र

अक्का स्वतः आल्या, एकट्याच. हातात डबा: ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, दही. दुष्काळात दही! खोलीत आल्या, माझ्याच ताटलीत वाढलं, समोर पलंगावर बसल्या. त्याच ताटलीतली चटणी बोटानं चाखली. "मीठ कमी पडलंय."

मी कालचं सगळं आठवून मान खाली घालून जेवले.

मग खाली हॉलात गेलो. खुर्च्या ओढून भिंतीसमोर बसलो. त्या सांगत होत्या, बहुतेक भिंतीलाच. ब्रह्मदेव आणि विष्णूमध्ये मोठा कोण यावर वाद झाला. महादेव तेजाचा खांब होऊन उभे राहिले, ज्याला टोक सापडेल तो मोठा. ब्रह्मदेवाला सापडलं नाही. तरी वरून येणाऱ्या केवड्याला त्यानं साक्षीला घेतलं, आणि केवड्यानं सांगितलं, हो, यानं टोक पाहिलं. खोटं. तेव्हापासून महादेवाला केवडा चालत नाही.

"देवाला न चालणारी फुलं लई हायत," अक्का म्हणाल्या. "त्याचं मला काय न्हाई. पण म्याडम, लग्न म्हंजे साक्ष असती. सगळा गाव साक्षीला बसतो. पोरगी हितं बसणार. तिच्या पाठीमागं खोटी साक्ष देणारं फूल. कसं वाटंल मला?"

पंचवीस वर्षांत माझ्या चित्राकडे असं कुणीही पाहिलेलं नाही. पुण्यातल्यांनी नाही, प्रदर्शनाच्या वहीत अभिप्राय लिहिणाऱ्यांनी नाही. ही बाई भिंतीसमोर बसून चित्र वाचते आहे, आणि ते वाचून घाबरली आहे.

उठताना म्हणाल्या, "ह्यांनी पांढरं करा म्हणून सांगितलं, मला ठाव हाय. पण तुम्ही मरमर केली, मी बघितली. तुम्हीच सांगा. तुम्ही काढलंय. केवडा हाय का न्हाई? न्हाई म्हणलात तर मी ह्यांना सांगते, भिंतीला हात लावू नका म्हणून. तुमच्या शब्दावर." मग थांबून, "रविवारी येते. सोमवारी मंडपवाले येणार."

सोपं आहे की. नाही. एक शब्द. आणि खोटंही नाही ते. बिननावाचं प्लास्टिकचं फूल आहे, दुकानदार सांगेल.

१४ मे

सातही कागद स्टेजवर ओळीनं मांडले. सकाळी अकरापासून बघत बसले. मीच माझी तपासणी.

पहिला, दुसरा, तिसरा: प्लास्टिकचं फूल. चौथा: तेच. पाचव्यापाशी काहीतरी झालंय. पाती मोठी करताना मी त्यांना एकमेकांत गुंडाळलंय. प्लास्टिकच्या फुलात ती सुटी आहेत. का गुंडाळली? तेव्हा बरं दिसलं म्हणून. आणि मग भिंतीवर ते काटे. शिवण बारीक होती, मी ती कुठल्या मापानं मोठी केली? हाताला माहीत असल्यासारखी. एकदाही खोडलं नाही.

आईला फोन. "आपल्याकडे केवडा असायचा का गं?"

"पेटीत असायचा की. साड्यांत. तू ल्हान असताना ओढून काढायचीस, बोटं सोलवटून घ्यायचीस. का?"

काही नाही म्हटलं.

सहा वाजेपर्यंत बसले. आता दुसरं काही दिसतच नाही. एवढा मोठा केवडा, अकरा फुटी, पाठमोरा उभा.

रज्जाकभाईंना सांगितलं नाही. ते म्हणाले असते, तो क्या हुआ, न्हाई बोलो. खरंच, काय होईल? भिंत राहील. लोक येतील, जिल्हा झाला तर कलेक्टर येईल, फोटोत माझी भिंत येत राहील वीस वर्षं. मला ती पाहिजे. पहिल्या दिवशी लिहिलं होतं त्याहून जास्त पाहिजे आता. सत्तेचाळीस वर्षांत मला पाहिजे म्हणून मी काय केलं? कागद टेबलाएवढे ठेवले. पांढऱ्याचा रोलर मी फिरवू शकणार नाही, रज्जाकभाईंनाच फिरवावा लागेल, मी बसस्टँडवर असेन.

नाही म्हणायचं. ठरलं.

१५ मे, रवि

दहाला अक्का आल्या. उन्हाचा तडाखा, पदर डोक्यावरून. हॉलात कुणी नव्हतं. अप्पा मिलमध्ये.

बसल्या नाहीत. भिंतीकडेही बघितलं नाही, माझ्याकडेच बघत होत्या. "बोला."

कालपासून पाठ केलेलं वाक्य होतं. अक्का, मी बाजारातल्या प्लास्टिकच्या फुलावरून काढलं आहे. शब्द न् शब्द खरा. तोंड उघडलं आणि दुसरंच आलं.

"मी केवडा काढायला बसले नव्हते. पण काल दिवसभर बघितलं. आता मलाही केवडाच दिसतो."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. स्वतःच्या हातानं भिंत घालवली, तीही कुणी जबरदस्ती केली नसताना. रडू येईल म्हणून टर्पेंटाइनची बाटली उगाच झाकण लावत बसले, ते लागलेलंच होतं.

अक्का उजव्या कोपऱ्यापर्यंत गेल्या. एका काट्यावर बोट ठेवलं, रंग वाळलाय का बघतात तसं. तिथूनच म्हणाल्या, "न्हाई म्हणला असता तर मी सोडून दिलं असतं बगा. मनाला समजावलं असतं. आता तुम्हीच खरं सांगून बसलात. आता मला इचार करावा लागंल."

खुर्ची ओढून भिंतीसमोर बसल्या. मला म्हणाल्या, तुम्ही वर जा, जेवा. मी वर आले. दीड वाजला आहे. खाली अजून दार वाजलेलं नाही.